अठरा मिनिटं चार सेकंद

बाबा गेल्यानंतर घराला पहिल्यांदाच रंग लागणार होता. बाबा स्वतः रंगारी. जन्मभर त्यांनी लोकांच्या भिंती रंगवल्या, पण स्वतःच्या घराला दर पाच वर्षांनी रंग द्यायचा तो तिन्ही मुलांनी, बाहेरचा माणूस बोलवायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. ते गेल्यावर एक पाळी अशीच हुकली. यंदा मात्र आईने तिघांना वेगवेगळं गाठलं, "बाकीचे दोघं हो म्हणालेत, तुझंच अडलंय," असं प्रत्येकाला सांगितलं आणि तारीख पक्की करून टाकली.

आत्या शनिवारी सकाळी आठच्या बसने आली. तिला घरात सगळेच आत्या म्हणत. दादाच्या मुलीने, भिंगरीने, बोलायला लागल्यावर ती हाक सुरू केली आणि हळूहळू सख्ख्या भावांच्याही तोंडी तीच बसली. आत्या दुसऱ्या शहरात दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. डॉक्टर माप पाठवत आणि ही आधी मेणात, मग चिनीमातीत दात घडवे. केसाएवढा फरक राहिला तरी तोंडात गेल्यावर तो डोंगराएवढा वाटतो, असं तिचं म्हणणं, त्यामुळे 'जवळपास बरोबर' हे दोन शब्द तिच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. आईची कवळीही तिनेच केलेली. आई ती घालूनच तिच्यावर टीका करायची.

घरात पाऊल टाकल्याटाकल्याच आत्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सगळे तिच्याशी फारच चांगले वागत होते. वहिनीने हातातली पिशवी काढून घेतली. धाकट्या भावाने एरवी कुणाला हात लावू न दिलेला, बाबांचा रुंद ब्रश तिच्यापुढे धरला. दादाने तर तिला बसायला खुर्ची पुसून दिली. दादा लिफ्ट दुरुस्तीच्या कामात होता. प्रत्येक गोष्टीवर किती भार चालेल हे कुठेतरी लिहिलेलं असतंच, असं मानणारा माणूस. तो सहजासहजी खुर्च्या पुसत नसे. भिंगरी कुठाय म्हणून विचारलं तर, "मैदानावर," असं म्हणून तो थांबला, आणि उगाचच खोकला.

हा खोकला कसला, ते तिला तासाभराने कळलं. ती आणि धाकटा दर्शनी भिंतीचे पोपडे खरवडत होते. तो शिडीवर, ती खाली. धाकट्याचं केस कापायचं दुकान होतं, आणि दिवसभर लोकांच्या कानाशी बोलून बोलून त्याच्या पोटात काही राहायचंच नाही. पंधरा मिनिटं तो तोंडात गुळणी धरल्यासारखा गप्प होता. मग म्हणाला, "तुला सांगायचं नाही असं ठरलंय."

आत्याने खरवडणं थांबवलं नाही. तिला ठाऊक होतं, आपण विचारलं नाही की हा जास्त लवकर सांगतो.

आणि त्याने सांगितलं. भिंगरीच्या शाळेतल्या धावण्याच्या सरांनी हंगाम सुरू होताना प्रत्येकाला एक कार्ड दिलं होतं. त्यावर तीन ओळी. पहिल्या ओळीत, प्रामाणिकपणे सराव केला तर नक्की जमेल ते. दुसरीत, घाम गाळला तरच जमेल ते. आणि तिसरीत, मोठ्यांदा बोलायची लाज वाटेल असं काहीतरी. कार्ड घरी वाचून दाखवायचं आणि घरातल्या मोठ्या माणसाची सही आणायची. भिंगरी पाच हजार मीटर धावायची आणि तिची आजवरची सर्वांत चांगली वेळ होती अठरा मिनिटं चाळीस सेकंद. पहिल्या ओळीत तिने लिहिलं होतं, साडेअठराच्या आत. दुसरीत, अठरा मिनिटं तीन सेकंद. तिसरी ओळ कोरीच होती.

आत्याचा हात थांबला.

अठरा मिनिटं चार सेकंद हा त्या शाळेचा विक्रम होता. गेली सव्वीस वर्षं तो कार्यालयाबाहेरच्या लाकडी फळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेला होता, आणि त्याच्यापुढे आत्याचं नाव होतं.

धाकट्याला आता थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नव्हतं. कार्ड तीन आठवडे फ्रिजवर चिकटलेलं होतं. दादा सही करायला तयार नाही. वहिनीचं म्हणणं, विक्रम मोडण्यासाठीच असतात, पोरीला कशाला अडवायचं. दादाचं म्हणणं, तिने तीन हजार धावावं, दीड हजार धावावं, पण ते पाच हजार तेवढं सोडावं. आई आधी दादाच्या बाजूने होती, मग वहिनीच्या, आता दोघांशीही बोलत नाही. काल रात्री ठरलं की, दोन दिवस हा विषयच काढायचा नाही आणि कार्ड पिठाच्या डब्यामागे ठेवायचं.

"पण पाच हजारच का नको?" आत्याने विचारलं.

धाकटा शिडीवर जरा वरच्या पायरीवर चढला. "दादा म्हणाला, आत्याचं एवढं एकच आहे."

आत्याने पुन्हा खरवडायला सुरुवात केली. हिरव्या रंगाखाली पिवळा निघाला, त्याखाली निळा. विक्रम जाण्याचं दुःख तिला होणार नाही, असं नाही. ते झालंच. आणि त्याची तिची तिलाच लाज वाटली. गावी आली की ती दरवेळी काहीतरी निमित्त काढून शाळेवरून जायची आणि व्हरांड्याच्या जाळीतून फळा आहे ना, हे बघून यायची. फोनचं कुलूप, कामावरच्या कपाटाचं कुलूप, सगळ्यांचा आकडा एकच होता, एक आठ शून्य चार. हे कुणालाही माहीत नव्हतं. पण खरं झोंबलं ते 'एवढं एकच'. आपल्या पाठीमागे घरात आपला हिशेब असा मांडला जातो, हे तिला आज कळलं.

जेवायला सगळे आतल्या खोलीत बसले. मधलं टेबल रंगाच्या डब्यांनी अडवलेलं, म्हणून ताटं मांडीवर. भिंगरी आली ती दारातच बूट काढून, केस ओले, गुडघ्याला माती. सोळा वर्षांची, उंच, काटकुळी. लहानपणी एका जागी दोन मिनिटं ठरायची नाही म्हणून भिंगरी. आज मात्र ती आत्याकडे न बघता कोपऱ्यात बसली आणि भरभर जेवू लागली.

"पिठाच्या डब्यामागे काय आहे ते आण," आत्या म्हणाली.

सगळ्यांनी धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने ताटाकडे बघितलं.

दादाने सारवासारव सुरू केली. तसं काही नाही, पोरीचं वयच तसं असतं, सरांचं खूळ आहे. वहिनी मध्येच म्हणाली की खूळ कसलं, तिचा हा आकडा तीन आठवडे फ्रिजवर होता, तेव्हा कुणाला खूळ वाटलं नाही. वहिनी रुग्णालयात परिचारिका होती आणि तिचा आवाज न चढवताही चढल्यासारखा वाटायचा. दादा म्हणाला, प्रश्न आकड्याचा नाही, माणसाचा आहे. वहिनी म्हणाली, मग माणसालाच विचारा ना, ती समोर बसलीय. एवढ्यात भिंगरीने कार्ड आणून आत्याच्या हातात दिलं, आणि तशीच उभी राहिली.

"आत्या, तुला राग आला?"

"आला," आत्या म्हणाली. "थोडा आला. संध्याकाळपर्यंत जाईल. तू बस."

मग ती दादाकडे वळली. आवाज नेहमीचाच होता. "दादा, माझं एवढं एकच आहे असं तू म्हणालास. महिन्याला चाळीस माणसं मी घडवलेल्या दातांनी जेवतात. आत्ता तुझ्या शेजारी आईही त्यांनीच जेवतेय."

"डावीकडे टोचतात," आई म्हणाली.

धाकटा हसला आणि पटकन पाणी प्यायला. दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो वाईट माणूस नव्हता. सव्वीस वर्षांपूर्वी शर्यतीच्या दिवशी कुंपणाच्या बाहेरून बहिणीच्या नावाने ओरडून ओरडून त्याचाच घसा बसला होता. आजही तो कामाच्या ठिकाणी नव्या माणसांना त्या शर्यतीची गोष्ट सांगे. फळ्यावरचं ते नाव आत्याइतकंच त्याचंही होतं, आणि कदाचित म्हणूनच तो सही करत नव्हता. आत्याला हे तिथेच, ताट मांडीवर असताना उमगलं आणि तिचा निम्मा राग गेला.

ती कार्ड वाचू लागली. दात तपासताना धरते तसं डोळ्यांजवळ धरून. "अठरा तीन. हा आकडा कसा काढलास?"

"तुझ्यापेक्षा एक सेकंद कमी."

"म्हणजे हा तुझा आकडाच नाही. माझ्यातून एक वजा केलाय." तिने कार्ड परत दिलं. "यावर मी सही करणार नाही. उद्या सकाळी किती वाजता जातेस?"

दादाला वाटलं आत्या आपल्या बाजूला आली. वहिनीलाही तसंच वाटलं, आणि दुपारभर ती नणंदेशी कामापुरतंच बोलली. रोलर द्या, डबा सरकवा, एवढंच.

रविवारी साडेपाचला दोघी निघाल्या. रस्त्यात दुकानांची फळकुटं बंद होती, एक माणूस दुधाच्या बाटल्या उतरवत होता. मैदानावर चुन्याच्या रेघा अर्ध्या पुसलेल्या. भिंगरीने अंग मोकळं केलं आणि चार फेऱ्या धावली. आत्या रेघेपाशी उभी राहून हातातल्या घड्याळावर बघत होती. ब्याण्णव, नव्वद, नव्वद, एक्क्याण्णव. पोरीचे खांदे सैल होते, पाऊल हलकं पडत होतं. अजून हातचं राखून धावते, हे आत्याला दुसऱ्या फेरीतच दिसलं.

भिंगरी धापा टाकत शेजारी बसली तेव्हा आत्याने तिला एक गोष्ट सांगितली. ती तिने आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

अठरा चार हा आकडा तिने कधी ठरवलाच नव्हता. त्या वर्षी तिने ठरवला होता साडेसतरा. चारशे मीटरच्या साडेबारा फेऱ्या, प्रत्येक फेरी चौऱ्याऐंशी सेकंदांत. वहीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं, पण बोलली कुणाशीच नाही. लोक हसतील म्हणून. आठ फेऱ्या ती अगदी ठरल्याप्रमाणे धावली. नवव्या फेरीत अंगात ताकद होती, तरी मनात आलं, हे आपल्याला खरंच जमतंय. आणि त्याचीच भीती वाटली. कुणाला माहीतच नाही, तर सोडून दिलं तरी कुणाला कळणार, असंही मनात आलं. तिने पाय सैल सोडले. पुढच्या फेऱ्या एक्क्याण्णव-ब्याण्णवने झाल्या. तरीही तो विक्रमच ठरला. बाबा कुंपणावरून उडी मारून आत आले, दादा नाचला, आणि ती रडायला लागली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आनंदाने रडतेय.

"मग पुढच्या वर्षी का नाही धावलीस?" भिंगरीने विचारलं.

"सगळे एवढे खूश होते की, मला ते कमी वाटतंय हे सांगायची सोयच राहिली नाही. आणि जे सांगता येत नाही, त्याच्यासाठी पहाटे उठवत नाही गं. मग शाळा संपली. दात सुरू झाले."

भिंगरी बराच वेळ बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिली. आत्याला वाटलं, आता ही साडेसतरा लिहिणार. लिहावं असं वाटलं, आणि लिहू नये असंही वाटलं. पण भिंगरीने बोटाने मातीत गणित मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं.

"साडेसतरा तुझं आहे," ती शेवटी म्हणाली. "मी चार फेऱ्या नव्वदने काढते. फेरीमागे पाच सेकंद कमी करायचे म्हटलं तर पंच्याऐंशी. साडेबारा फेऱ्यांचे सतरा मिनिटं बेचाळीस होतात." ती थांबली. "हे फार होतंय का?"

"लाज वाटतेय का बोलायला?"

"हो."

"मग तिसऱ्या ओळीत लिही."

दुपारी दुसरा हात देऊन झाला. भिंत साय धरल्यासारखी गुळगुळीत दिसत होती. अंगणात, ओल्या रंगाच्या वासात सगळे चहाला बसले आणि भिंगरीने उभं राहून कार्ड वाचलं. पहिली ओळ, साडेअठराच्या आत. दुसरी, तिने खोडून नव्याने लिहिलेली, अठराच्या आत. तिसरी वाचताना तिचा आवाज खाली गेला. आत्या म्हणाली, ऐकू आलं नाही. तिने पुन्हा वाचलं. सतरा बेचाळीस.

गंमत अशी झाली की, इतके दिवस मुलीच्या बाजूने भांडणारी वहिनीच आता घाबरली. जवळजवळ एक मिनिट कमी करायचं, तेही एका हंगामात, हे अति होतं. पोर आजारी पडेल, पायाचं हाड दुखावून घेईल, आणि नाही जमलं तर खचेल ते वेगळंच. आपण वॉर्डात रोज अशी मुलं बघतो, असं ती म्हणाली. आणि कालपर्यंत आडवा आलेला दादा पाठ सरळ करून बसला. सरांना विचारू, झोप आणि खाणं तू बघ, आठवड्याला किती वाढवायचं ते लिहून काढू, पण आकडा राहू दे, असं तो म्हणाला. वहिनी थक्क होऊन नवऱ्याकडे बघत राहिली. तुम्ही तर सहीच करत नव्हता, असं तिने म्हटलं, तर तो म्हणाला, "तेव्हा तो आकडा बहिणीला मागे टाकायचा होता. आता नाहीये."

आत्याने पेन पुढे केलं. दादाने खिशातून चष्मा काढला, तीनही ओळी पुन्हा एकदा वाचल्या आणि सही केली. लिफ्ट तपासून झाल्यावर करतो तशी, तारखेसकट. त्याखाली वहिनीनेही केली, आणि कंसात लिहिलं, 'झोप आठ तास'. दोघी नणंदा-भावजया त्या संध्याकाळी भांडी घासताना पुन्हा बोलू लागल्या.

पुढचे चार महिने आत्याला दर रविवारी फोनवर फेऱ्या ऐकू येऊ लागल्या. एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशी. एकदा नडगी दुखली म्हणून वहिनीने सक्तीने दहा दिवस बसवलं, आणि भिंगरी घरात सगळ्यांच्या अंगावर खेकसली. मग सत्त्याऐंशी. हंगामाच्या शेवटच्या शर्यतीला आत्याने रजा टाकली. मैदानाच्या पायऱ्यांवर घरचे सगळे आले होते. धाकट्याने दुकान बंद ठेवलं होतं आणि शेजारच्या अनोळखी बाईला तो सगळी हकिकत सांगत होता.

भिंगरी सुरुवातीपासून पुढे होती. पाच फेऱ्या पंच्याऐंशी, सहावी पंच्याऐंशी, सातवी, आठवीही. आत्याने घड्याळ दोन्ही हातांनी धरलं होतं. नववी फेरी आली आणि तिला पायऱ्यांवर बसवेना. भिंगरी समोरून गेली, तोंड उघडं, मान जराशी डावीकडे कललेली, पण पाय तसेच पडत होते. नववीही पंच्याऐंशी. दहावीत मात्र अंगातलं संपलं. अठ्ठ्याऐंशी. अकरावी, बारावीही अठ्ठ्याऐंशी. सोडलं नव्हतं तिने, उरलंच नव्हतं. शेवटची अर्धी फेरी तिने कशी काढली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

सतरा मिनिटं एक्कावन्न सेकंद.

दादा दोन पायऱ्या एकदम उतरत खाली धावला. धाकट्याने शेजारच्या बाईचा हात हातात घेऊन हलवला. विक्रम गेला होता, तब्बल तेरा सेकंदांनी. आत्याने आपल्या आत चाचपून बघितलं. दुखलं खरं, पण क्षणभरच. नंतर तिथे काहीच दुखत नव्हतं.

भिंगरी गवतावर आडवी पडली, मग उठली, आणि दादाच्या मिठीतून तिने मान बाहेर काढली. "नऊ सेकंद राहिले," ती म्हणाली. रडत होती आणि रागावलीही होती. अगं पण विक्रम, असं दादा म्हणू लागला. तिने मान हलवली. "मला सतरा बेचाळीस हवं होतं." हे तिने सरांसमोर, मैत्रिणींसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. आणि कुणालाच ते चमत्कारिक वाटलं नाही. वहिनी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकत म्हणाली, बरं, मग दहाव्या फेरीचं बघावं लागेल. सरांनी मान डोलावली.

आई पायऱ्यांवरच बसून होती. गुडघ्यांमुळे तिला उतरता येत नव्हतं. आत्या तिच्याजवळ थांबली. आई खाली नातीकडे बघत होती, डोळे बारीक करून, फार लांबचं काहीतरी वाचत असल्यासारखी.

"तूही अशीच रडली होतीस," आई म्हणाली.

"हो."

"तुला किती हवं होतं?"

सव्वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"साडेसतरा."

आईने आत्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, मेणाने आणि चिनीमातीने खरखरीत झालेली ती बोटं एक-एक करून दाबली, आणि बराच वेळ सोडली नाहीत. खाली भिंगरी बूट हातात घेऊन, अनवाणी, गवतावरून सावकाश एक फेरी मारायला निघाली होती, आणि दादा तिच्या मागोमाग चालता चालता तिला काहीतरी विचारत होता.